मोठ्या संख्यांचे आकलन

लाख, कोटी, अब्ज यांसारख्या संख्या वाचता, लिहिता आणि बेरीज-वजाबाकीत वापरता येणे ही एक गोष्ट, आणि त्यांचे परिमाण मनाला जाणवणे ही दुसरी. या दुसऱ्या क्षमतेला मोठ्या संख्यांचे आकलन म्हणतात. न मोजता, केवळ पाहून अचूक ओळखता येणारी संख्या फारच लहान असते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७१ मध्ये पेटीत घेवड्याचे दाणे टाकून स्वतःवर प्रयोग केले, तेव्हा चार दाण्यांपर्यंत त्यांची चूक झाली नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या. त्यापुढचे सारे मोजणीच्या, म्हणजेच भाषेच्या आणि अंकलेखनाच्या, आधाराने चालते.

अडचणीचे मूळही तेथेच आहे. संख्यांची नावे एकेका पायरीने चढतात, परंतु प्रत्येक पायरीला मूल्य कित्येक पटींनी वाढते. एक हजार ते एक अब्ज अशी रेषा देऊन तीवर दशलक्षाची खूण करण्यास सांगितले असता पुष्कळ जण ती मध्याच्या आसपास करतात. वास्तविक रेषा एक मीटर लांब असेल, तर ही खूण आरंभापासून जेमतेम एक मिलिमीटरवर पडते. वर्तमानपत्रातील ‘कोटी’ आणि ‘अब्ज’ हे शब्द सारख्याच लांबीचे दिसतात, म्हणून त्यांतील शंभर पटींचा फरक नजरेआड होतो.

यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे संख्येचे काळात रूपांतर करणे, कारण दिवस, वर्ष आणि आयुष्य यांचा अनुभव प्रत्येकाला असतो. एक लाख सेकंद म्हणजे सुमारे २८ तास. एक कोटी सेकंद म्हणजे जवळजवळ ११६ दिवस. एक अब्ज सेकंद मात्र ३१ वर्षे आणि सुमारे ८ महिने. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संख्यानामांच्या मालिकेत शेवटी येणारे परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये, इतके सेकंद घेतले तर सुमारे ३१७ कोटी वर्षे होतात; तुलनेसाठी, पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. सार्वजनिक व्यवहारातील आकड्यांसाठी भागाकार अधिक उपयोगी पडतो: एक अब्ज लिटर पाणी अफाट वाटते, परंतु ते एक कोटी लोकांत वाटले तर प्रत्येकाला १०० लिटर मिळते. मोठी रक्कम किंवा मोठा साठा किती जणांसाठी आणि किती काळासाठी आहे, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अपुराच मानावा.

अशा तुलनांनाही मर्यादा आहे. १८ ग्रॅम पाण्यात सुमारे ६.०२२ × १०²³ रेणू असतात. सेकंदाला एक या गतीने ते मोजायचे ठरवले, तर विश्वाच्या १३८० कोटी वर्षे वयाच्या सुमारे १४ लाख पट काळ लागेल, म्हणजे उपमा समजण्यासाठीच आणखी एक मोठी संख्या समजावी लागते. येथे घातांकाची लेखनपद्धती हाच आधार उरतो. तीत १०²³ आणि १०²⁴ शेजारी-शेजारी दिसत असले, तरी दुसरी संख्या पहिलीच्या दसपट असते. भूकंपमापनाच्या लघुगणकी, म्हणजे प्रत्येक अंकाला ठरावीक पटीने वाढणाऱ्या, श्रेणीतही हेच विसरले जाते, आणि ७ चा धक्का ६ च्या धक्क्याहून थोडाच मोठा वाटतो, जरी त्यात सुमारे ३२ पट ऊर्जा मुक्त होत असते.