ॲफिडेव्हिटमध्ये एफ दोन का?

मसुदा वाचायला दिला की आमच्या काउंटरवर एक प्रश्न ठरलेला असतो : "इथे एफ दोनदा पडलाय का हो?" परवा एका काकांनी तर विचारलंही नाही. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, 'ॲफिडेव्हिट'मधला एक एफ पेनानं खोडला, खाली 'अफोरसेड'मध्ये एक वाढवला आणि कागद परत दिला. नेमकं उलटं! पण काकांना तरी काय म्हणणार, ऐकायला दोन्हीकडे एफ एकच. म्हणून हे पत्रक काढलं. मसुदा तपासताना उपयोगी पडेल, आणि नंबर लागेपर्यंत वेळही जाईल.

सगळी गोम 'ॲड' या लॅटिन उपसर्गात आहे. स्पेलिंग ए, डी. अर्थ 'कडे', 'पाशी', 'ला'. शब्दाला चिकटताना या उपसर्गाचा डी बहुतेक वेळा टिकत नाही, पुढच्या अक्षरासारखा होऊन जातो. पुढे एफ आला की एफ, टी आला की टी, एस आला की एस. शाळेत व्यंजनसंधी सोडवल्या असतील त्यांना यात नवल वाटणार नाही. उत् अधिक लेख, उल्लेख. सत् अधिक जन, सज्जन. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. जगन्नाथात 'त्'चा 'न्' झाला, तसाच ॲनेक्श्चरमध्ये डीचा एन झाला, म्हणून तिथे एन दोन. मूळ क्रियापदाचा अर्थ बांधणे. ॲनेक्श्चर म्हणजे अर्जाला बांधलेला कागद. आम्ही स्टेपलर मारतो एवढाच फरक. पुढे जे, एम, व्ही किंवा एच आला तर मात्र डी जागेवर राहतो : ॲडजर्न, ॲडमिट, ॲडव्होकेट, आणि मागे डिंक लावलेल्या तिकिटाचं ॲडहेसिव्ह.

आता ॲफिडेव्हिट. यातला 'फिड' म्हणजे विश्वास. मुलांच्या शाळेतून बोनाफाईड आणता ना, त्यातला 'फाईड' हाच. बोनाफाईड म्हणजे सद्भावनेनं, खरेपणानं. गंमत अशी, की ॲफिडेव्हिट हे लॅटिनमध्ये नाम नव्हतंच. ते क्रियापद आहे, जवळजवळ अख्खं वाक्य : 'त्यानं शपथेवर सांगितलं आहे.' इंग्रजांनी ते उचललं आणि कागदाचं नाव करून टाकलं. आपल्या प्रतिज्ञापत्रात 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' असं येतं, तेच त्या एका शब्दात आहे. त्याच कागदावरच्या 'अफर्म'मध्येही ॲडच आहे, तिथेही एफ दोन.

ॲटेस्ट हा आमचा आवडता शब्द. लॅटिनमध्ये 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार, आणि या शब्दाच्याही पोटात शिरलं तर निघतो 'तिसरा उभा असलेला'. दोघांच्या व्यवहारात जवळ उभा असलेला तिसरा. मराठीत त्याला तिऱ्हाईत म्हणतात! मृत्युपत्रावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यांत ज्याला त्याच मृत्युपत्रातून काही मिळणार आहे असा माणूस आणू नका असं आम्ही सांगतो, तेव्हा काही जणांना राग येतो. 'घरचाच आहे की' म्हणतात. घरचा आहे म्हणूनच नको. आता झेरॉक्सवर सेल्फ-ॲटेस्टेड सही चालते, म्हणजे शब्दाच्या हिशेबानं माणूस स्वतःच स्वतःचा तिऱ्हाईत झाला. पण रांगा कमी झाल्या, त्यामुळे आमची तक्रार नाही.

घरपट्टीचा असेसमेंट उतारा मागायला येता, त्यात एस दोनदा दोनदा आहे. पहिली जोडी ॲडची. दुसरी बसण्याच्या क्रियापदाची, आणि हे क्रियापद आपल्या 'सद्' धातूचं सख्खं भावंड : सदन, संसद, सभासद. असेसर म्हणजे न्यायाधीशाच्या शेजारी बसणारा मदतनीस. पुढे हाच शेजारी बसून कोणावर किती कर बसवायचा ते ठरवू लागला. कर आपल्याकडेही 'बसतो'च.

इंग्रजांच्या कोर्टात हे सगळं आलं कुठून? 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि कोर्टात फ्रेंच बोलली जाऊ लागली, दप्तर लॅटिनमध्ये. वकिलांनी इंग्रजीत बोलावं असा कायदा 1362 मध्ये झाला, तरी दप्तरातली लॅटिन हटायला 1733 साल उजाडलं. म्हणजे खुद्द इंग्रज पक्षकारालाही आपला कागद कळत नव्हता. आपलं तरी काय वेगळं? वकील, तारीख, जामीन, मुखत्यार हे सगळे अरबी-फारसीतून आलेले.

तारखेवरून आठवलं. ॲडजर्न हा शब्द फ्रेंचमधून आला. 'आ' म्हणजे तोच ॲड, आणि 'जूर' म्हणजे दिवस. 'अमुक दिवसाला'. आपल्याकडे केसची सुनावणी पुढे गेली की लोक 'तारीख पडली' म्हणतात. यापेक्षा नेमकं भाषांतर आम्हाला सुचत नाही.

वारसाहक्काच्या कागदात येणारं ॲसेट्स हे 'ॲड सॅटिस', म्हणजे 'पुरेसं'. फ्रेंच माणूस आजही पुरेसं या अर्थी 'आसे' म्हणतो. मेलेल्या माणसाची देणी भागवायला मागे पुरेसं आहे का, हा मूळ प्रश्न. शेवटचा एस अनेकवचनाचा नव्हताच. लोकांना तो तसा वाटला आणि तो काढून एकट्या 'ॲसेट'चा जन्म झाला. तेव्हा ॲसेट्स म्हटल्यावर नुसता फ्लॅट आणि दागिने सांगू नका, कर्जही सांगा.

अलॉटमेंटमध्येही तोच उपसर्ग, पण 'लॉट' म्हणजे चिठ्ठी. लॉटरी याच घराण्यातली. म्हाडाच्या सोडतीनंतर अलॉटमेंट लेटर येतं, ते शब्दशः बरोबर आहे.

आता सोंगं, म्हणजे ॲडसारखे दिसणारे पण ॲड नसलेले शब्द. 'अफोरसेड' म्हणजे 'वर नमूद केलेला'. हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, लॅटिनशी याचं नातं नाही, म्हणून एफ एकच. (काका, वाचताय ना?) भाडेकराराच्या ॲडव्हान्समधला डी तर चक्क चुकून घुसलेला. मूळ फ्रेंच शब्दात तो नाही; तिथला 'अ' दुसऱ्याच 'ॲब' या उपसर्गाचा. सोळाव्या शतकात विद्वानांना वाटलं, इथे ॲडचा डी गळालाय, आणि त्यांनी तो बसवून दिला. शिकलेल्या माणसांनी केलेली चूक, त्यामुळे कोणी खोडली नाही. ॲड्रेसमध्ये मात्र इंग्रजीनं दोन डी लिहिले ते बरोबर. फ्रेंच लोक अजून एकावरच भागवतात.

एक व्यवहाराची गोष्ट. ॲफिडेव्हिटमध्ये एफ कमी पडला म्हणून कागद परत आल्याचं आम्ही फारसं पाहिलेलं नाही. आधारवर एक स्पेलिंग, सातबाऱ्यावर दुसरं आणि मसुद्यात तिसरं, म्हणून परत आलेले ढीगभर पाहिले आहेत. मसुदा हातात आला की आधी नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, पत्ता आणि जन्मतारीख बोट ठेवून वाचा. स्टॅम्पपेपरवर प्रिंट मारल्यावर चूक सापडली तर नवा पेपर घ्यावा लागतो. चूक आमची असेल तर खर्च आमचा, तुम्ही सही करून मंजूर केलेल्या मसुद्यातली असेल तर तुमचा.

आणि अर्ज आत दिल्यावर मिळते ती ॲक्नॉलेजमेंट. सुरुवात ॲडसारखी दिसते, पण हेही सोंगच. आतला 'नो' म्हणजे जाणणे, घरचा इंग्रजी शब्द, आपल्या 'ज्ञा'चा चुलत. मराठीत पोच. शिक्का आणि तारीख असलेली पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि तिची एक झेरॉक्स आमच्याकडच्या फाइलला लावून ठेवा.