पक्षाघातावरील मूळपेशी उपचार

मेंदूची रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की पक्षाघात होतो. त्यात मेलेल्या चेतापेशींची उणीव भरून निघावी, निदान उरलेल्यांना आधार मिळावा, म्हणून शरीरात मूळपेशी म्हणजे स्टेम सेल सोडतात. हा उपचार अजून प्रायोगिक आहे.

भारतातल्या एका चाचणीत रुग्णाचीच अस्थिमज्जा वापरली गेली. जागा बधिर करून कमरेच्या मागच्या हाडातून जाड सुईने मज्जा ओढतात. गोठू नये म्हणून तीत हेपारिन घालतात. मग ठरावीक घनतेच्या द्रवावर ती अलगद ओतून यंत्रात गरगर फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि मधल्या पांढुरक्या थरात एककेंद्रकी पेशी जमतात. त्या धुऊन, मोजून, जिवंत किती ते तपासून शिरेतून देतात. त्यांतल्या खऱ्या मूळपेशी अगदी थोड्या असतात.

शिरेतून दिलेल्या बऱ्याच पेशी फुप्फुसांतच अडकतात. रोहिणीतून दिल्या तर मेंदूतल्या बारीक वाहिन्या तुंबण्याची भीती. कवटीला छिद्र पाडून थेट मेंदूत सोडल्या तर शस्त्रक्रियेची जोखीम आलीच. टोचलेल्या पेशींच्या नव्या चेतापेशी होतात हा समजही चुकीचा आहे. फायदा होत असलाच, तर तो त्यांच्यातून स्रवणाऱ्या, सूज कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे होत असावा, असे संशोधक मानतात.

पाच केंद्रांवरच्या या भारतीय चाचणीचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर ७ ते ३० दिवसांतल्या १२० रुग्णांपैकी निम्म्यांना सरासरी सुमारे २८ कोटी पेशी दिल्या. उपचार सुरक्षित ठरला, पण १८० दिवसांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. जपानच्या २०६ रुग्णांच्या ‘ट्रेझर’ चाचणीतही, दात्याच्या पेशी १८ ते ३६ तासांत देऊनसुद्धा, मुख्य उद्दिष्ट साधले नाही.

तरीही ‘इंजेक्शननंतर हात उचलू लागला’ असे अनुभव ऐकू येतात, आणि ते खोटे नसतात. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा आपसूकही होते, व्यायामाने आणखी होते. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर श्रेय कशाचे, हे ठरवता येत नाही.

धोकाही खरा आहे. परदेशी दवाखान्यांत पाठीच्या कण्यातील पाण्यात वारंवार पेशी टोचून घेतलेल्या पक्षाघाताच्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूत गाठ वाढली. तिच्यातल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्या. ही नोंद २०१६ सालची.

भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पक्षाघातासाठी मूळपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. अशी चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’त नोंदलेली असते, आणि तीत सहभागी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. लाखोंचे पॅकेज सांगितले जात असेल, तर आधी नोंदणी क्रमांक मागावा.