आदिवासी हक्क-इतिहासाचे शालेय मूल्यमापन (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅबोरिजिनल लोकांनी आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांच्या रहिवाशांनी नागरी हक्क, जमीन आणि समान वागणूक यांसाठी विसाव्या शतकात जो लढा दिला, त्याचा इतिहास विद्यार्थ्यांना कितपत उमगला हे तपासण्याची शालेय प्रक्रिया. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात दहावीच्या इतिहासात ‘हक्क आणि स्वातंत्र्य (१९४५ ते आजपर्यंत)’ हा सखोल अभ्यासाचा घटक ठेवण्यात आला, तेव्हापासून हा विषय देशभरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचला. १९३८ मध्ये ब्रिटिश वसाहतीच्या दीडशेव्या वर्धापनदिनी आदिवासींनी सिडनीत निषेध म्हणून पाळलेला शोकदिन, कुटुंबांपासून तोडलेल्या मुलांच्या ‘चोरलेल्या पिढ्या’, १९६२ मधील मतदानाचा हक्क, १९६५ ची स्वातंत्र्य बसयात्रा, १९६७ चे सार्वमत, आदिवासींचा जमिनीवरील पारंपरिक हक्क मान्य करणारा १९९२ चा माबो खटल्याचा निकाल आणि २००८ मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत मागितलेली माफी हे त्यातील मुख्य टप्पे होत. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाची नवी आवृत्ती आली आणि घटकांची मांडणी बदलली, तरी आदिवासी हक्कांचा विषय त्यात कायम राहिला.

इतिहासाची राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा ऑस्ट्रेलियात नाही. ‘नॅपलॅन’ या देशव्यापी चाचणीत वाचन, लेखन, भाषा आणि गणित एवढेच तपासले जाते, त्यामुळे दहावीच्या इतिहासाचे मूल्यमापन प्रामुख्याने वर्गशिक्षकाच्या हाती असते आणि ते ए ते ई या पाच श्रेणींत नोंदवले जाते. याचा अर्थ असा की, प्रश्न कसा विचारला जातो यावरच मूल्यमापनाचा दर्जा ठरतो. लढ्यातील तारखा आणि नावे पाठ आहेत का, एवढेच विचारणारी प्रश्नपत्रिका काढायला सोपी असते, पण अशा प्रश्नपत्रिकेत पूर्ण गुण मिळवणारा विद्यार्थीही या इतिहासाविषयी मुळातून चुकीचे समज बाळगून असू शकतो.

१९६७ चे सार्वमत हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. २७ मे १९६७ रोजी ९०.७७ टक्के मतदारांनी होकार दिला. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात इतका मोठा कौल दुसऱ्या कोणत्याही सार्वमताला मिळालेला नाही. या सार्वमताने आदिवासींना मतदानाचा हक्क मिळाला, किंवा नागरिकत्व मिळाले, असे पुष्कळ प्रौढही सांगतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. केंद्रीय निवडणुकांतील मतदानाचा हक्क सर्व आदिवासींना १९६२ मध्येच मिळाला होता आणि राज्यांपैकी शेवटी क्वीन्सलंडने तो १९६५ मध्ये दिला. १९६७ पूर्वी आदिवासींची गणना ‘वनस्पती आणि प्राणी’ कायद्याखाली होत असे, ही तर निव्वळ दंतकथा आहे. असा कायदाच नव्हता. सार्वमताने राज्यघटनेत दोन बदल झाले. विशिष्ट वंशाच्या लोकांसाठी खास कायदे करण्याचा अधिकार केंद्रीय संसदेला देणाऱ्या कलम ५१ च्या सव्विसाव्या उपकलमात, राज्यांतील आदिवासी वंशाला वगळणारे जे शब्द होते ते काढून टाकले गेले. आणि लोकसंख्येचा हिशेब करताना आदिवासींना धरू नये असे सांगणारे कलम १२७ पूर्णपणे रद्द झाले.

म्हणून ‘१९६७ च्या सार्वमताचे महत्त्व सांगा’ या प्रश्नापेक्षा कलमांचा जुना आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी देऊन ‘यातून काय बदलले आणि काय बदलले नाही’ असे विचारणे कितीतरी अधिक उपयुक्त ठरते. मजकूर नीट वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या लक्षात येते की संसदेला अधिकार मिळाला, पण तो आदिवासींच्या हितासाठीच वापरण्याचे बंधन त्यात कुठेही घातलेले नाही. हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हिंडमार्श बेटावरील पुलाला आदिवासी स्त्रियांनी हरकत घेतली होती; त्या वादात १९९८ मध्ये तो थेट उच्च न्यायालयापुढे (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय) आला. आणखी एक चांगला उपप्रश्न कौलाच्या आकड्यावर विचारता येतो. संसदेत या दुरुस्तीला विरोध न झाल्यामुळे मतदारांना पाठवलेल्या अधिकृत पत्रकात नकाराची बाजूच छापली गेली नव्हती. एवढ्या मोठ्या बहुमताचा अर्थ लावताना हा तपशील विचारात घेणारा विद्यार्थी पुराव्याशी प्रामाणिकपणे वागतो आहे, असे म्हणावे लागेल.

बसयात्रेच्या बाबतीत दृष्टिकोन तपासायला वाव मिळतो. फेब्रुवारी १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठातील सुमारे तीस विद्यार्थी चार्ल्स पर्किन्स यांच्या नेतृत्वाखाली न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण भागात फिरले. त्यांना प्रेरणा अमेरिकेतील १९६१ च्या बसयात्रांची होती. वॉलगेट येथे माजी सैनिकांच्या क्लबमध्ये आदिवासी सैनिकांना सदस्यत्व नाकारले जाई, त्याविरुद्ध त्यांनी निदर्शने केली. गावाबाहेर पडल्यावर एका ट्रकने त्यांच्या बसला रस्त्यावरून खाली उतरायला भाग पाडले. मोरी येथे नगरपरिषदेने आदिवासींना पोहण्याच्या तलावावर मज्जाव केला होता. विद्यार्थी आदिवासी मुलांना घेऊन तलावाच्या दाराशी उभे राहिले, तेव्हा जमलेल्या लोकांनी त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो फेकले. या प्रसंगाची वृत्तपत्रांतील वर्णने, चित्रफिती, यात्रेतील विद्यार्थ्यांची टिपणे आणि गावातील आदिवासींच्या नंतरच्या आठवणी उपलब्ध आहेत. या साधनांपैकी दोन-तीन समोर ठेवून, कोणी कोणासाठी आणि कधी लिहिले किंवा सांगितले हे विचारता येते. बहुतेक उत्तरांत बसमधील तरुणांचे धैर्य येते. बस निघून गेल्यावर त्याच गावात राहणाऱ्या कुटुंबांचे काय झाले असेल, हा प्रश्न ज्या उत्तरात स्वतःहून उपस्थित होतो, ते उत्तर निःसंशय वरच्या श्रेणीचे आहे.

छायाचित्रांसाठी उत्तर ऑस्ट्रेलियातील गुरिंजी या आदिवासी समाजाच्या लढ्याचे साधन नेहमी वापरले जाते. ऑगस्ट १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दोनशे गुरिंजी कामगारांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी वेव्ह हिल येथील पशुपालन केंद्रातील काम सोडले. मजुरीचा हा संप पुढे जमिनीच्या मागणीत बदलला. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतून जमिनीचा काही भाग परत केला. मर्विन बिशप या आदिवासी छायाचित्रकाराने टिपलेला तो क्षण प्रसिद्ध आहे. पण मूळ समारंभ मांडवाच्या सावलीत झाला होता आणि निळ्या आकाशाखालचे छायाचित्र मिळावे म्हणून बिशप यांनी ती कृती बाहेर पुन्हा करवून घेतली होती. ही माहिती उत्तराच्या मध्यावर देऊन ‘आता या साधनाचे मूल्य कमी होते का’ असे विचारले की विद्यार्थ्याचा विचार उघड होतो. ‘छायाचित्र खोटे आहे’ म्हणून ते बाजूला सारणे हे उथळ उत्तर आहे. छायाचित्र कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, हे वेगळे करून दाखवणे अपेक्षित आहे.

सहानुभूतीचे मूल्यमापन हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग होय. ‘तुम्ही आईपासून तोडून नेलेले मूल आहात असे समजून रोजनिशी लिहा’ यासारखे स्वाध्याय पूर्वी सर्रास दिले जात. ज्या घरात अशी ताटातूट प्रत्यक्ष घडली, त्या घरातील मूल वर्गात असू शकते आणि त्याच्या कुटुंबाचे दुःख इतरांच्या लेखनकौशल्याचा विषय होऊ नये. त्याऐवजी ‘चोरलेल्या पिढ्यां’विषयीच्या १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालातील साक्षींचे बारकाईने वाचन करून त्यावर लिहायला सांगणे अधिक सभ्य आणि अधिक काटेकोरही आहे. त्याच न्यायाने वर्गातील आदिवासी विद्यार्थ्याने आपल्या समाजाच्या वतीने बोलावे, अशी अपेक्षा ठेवता कामा नये. अनेक समाजांत मृत व्यक्तीचे नाव घेण्यावर किंवा चित्र दाखवण्यावर निर्बंध असतात, म्हणून प्रश्नपत्रिकेतही तशी पूर्वसूचना देतात आणि स्थानिक साधने वापरताना त्या समाजातील ज्येष्ठांशी आधी बोलतात.

मताला गुण द्यायचे की मांडणीला, हा प्रश्न १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतानंतर अधिक तीव्र झाला. संसदेला सल्ला देणारे आदिवासींचे ‘व्हॉइस’ मंडळ घटनेत नोंदवण्याचा प्रस्ताव सुमारे साठ टक्के मतदारांनी फेटाळला, आणि १९६७ चा कौल व हा कौल यांची तुलना साहजिकच वर्गांत होऊ लागली. मेलबर्न-सिडनीत वाढणाऱ्या मराठी घरांतील मुलेही त्या वर्गांत बसतात आणि त्यांच्या पालकांपैकी अनेकांना हा इतिहास मुलांच्या वह्यांतूनच प्रथम कळतो. विद्यार्थ्याने होकाराची बाजू घेतली की नकाराची, याला गुण नसतात; दोन्ही वेळी मतदारांपुढे नेमका कोणता मजकूर होता, राजकीय पक्षांची भूमिका काय होती आणि आदिवासींमध्येच किती मतभेद होते, हे त्याने पुराव्यानिशी मांडले आहे का, यावर श्रेणी ठरते.