सीनियर ऑनर सोसायटी

सीनियर ऑनर सोसायटी : अमेरिकेतील महाविद्यालयांत पदवीच्या शेवटच्या वर्षातील निवडक विद्यार्थ्यांची सन्मान-संस्था. निवडीत गुण, नेतृत्व आणि सेवा पाहतात. अर्ज मागवले तरी अखेरचा निर्णय विद्यमान सदस्यांचा किंवा प्राध्यापकांचा असतो. मॉर्टर बोर्ड ही या प्रकारातील ठळक संस्था. शेवटच्या वर्षापुरत्या मर्यादित नसलेल्या फाय बीटा कॅपा, फाय कॅपा फाय, टाउ बीटा पाय, ओमिक्रॉन डेल्टा कॅपा यांचीही गणना व्यवहारात याच वर्गात होते.

या प्रथेच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. रूढ मतानुसार तो फाय बीटा कॅपात आहे. व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ५ डिसेंबर १७७६ रोजी पाच विद्यार्थ्यांनी ती स्थापन केली. त्यांचा म्होरक्या जॉन हीथ. विल्यम्सबर्गच्या रॅले टॅव्हर्नमधील अपोलो दालनात हे घडले असे परंपरा सांगते. हीथला महाविद्यालयातील दुसऱ्या एका मंडळाने प्रवेश नाकारला व त्या रागातून ही संस्था निघाली, अशीही कथा आहे. ती कथेइतकीच धरावी. अडचण वेगळीच आहे. त्या काळची फाय बीटा कॅपा ही गुणवंतांची यादी नव्हती, वादविवाद करणाऱ्या तरुणांची गुप्त मंडळी होती. शपथ, हस्तांदोलनाची खूण आणि ग्रीक बोधवाक्याची आद्याक्षरे हा तिचा सरंजाम. परीक्षेतील गुणांनुसार क्रम लावण्याची पद्धतच तेव्हा रुजलेली नव्हती. येलचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ मध्ये विद्यार्थ्यांची चार श्रेणींत केलेली वर्गवारी हा अमेरिकेतील त्याचा एक सुरुवातीचा दाखला मानतात.

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध जवळ आल्याने १७८१ मध्ये मूळ शाखा बंद पडली, पण इलायशा पार्मेली या सदस्याने येल व हार्वर्डसाठी सनदा आधीच नेलेल्या असल्याने संस्था तगली. फ्रीमेसन या गुप्त संघटनेची गुपिते फोडू पाहणारा विल्यम मॉर्गन १८२६ मध्ये बेपत्ता झाला आणि फ्रीमेसनविरोधी लाट उसळली. गुप्त शपथांकडे लोक संशयाने पाहू लागले आणि १८३१ मध्ये हार्वर्ड शाखेने गुप्तता सोडली. निबंधकार इमर्सनचे ‘द अमेरिकन स्कॉलर’ हे व्याख्यान १८३७ मध्ये याच शाखेपुढे झाले, तोवर ती उघड, प्रतिष्ठित संस्था झाली होती.

दुसऱ्या मतानुसार आजच्या सोसायटीचे बीज येलच्या वर्गनिहाय मंडळांत आहे. विल्यम रसेल व अल्फॉन्सो टॅफ्ट यांनी १८३२ मध्ये स्कल अँड बोन्स स्थापन केली, १८४२ मध्ये स्क्रोल अँड की निघाली. स्कल अँड बोन्सच्या उगमाची तीन स्पष्टीकरणे दिली जातात : रसेल जर्मनीत राहून आला व तेथील विद्यार्थी-मंडळाचा नमुना घेऊन आला; फाय बीटा कॅपाच्या निवडीवरून भांडण झाले; किंवा गुप्ततेचा अंत झाल्याने रिकामी झालेली जागा कुणीतरी भरून काढली. जर्मन उगमाची भिस्त बरीचशी १८७६ मध्ये मंडळाच्या वास्तूत शिरलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या पत्रकावर आहे. चोरट्याची साक्ष कितपत ग्राह्य मानावी हा प्रश्न उरतोच. कालक्रम पाहता तिसरे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते, दुसरे त्याला पूरक ठरते.

दोन्ही प्रवाहांचा वाटा मान्य करणेच बरे. गुणवत्तेची अट फाय बीटा कॅपाच्या उत्तरकालीन रूपातून आली. केवळ शेवटचे वर्ष, मोजकी संख्या (स्कल अँड बोन्समध्ये १५) आणि जाणाऱ्या सदस्यांनीच वारस निवडणे हा साचा मात्र येलचा. निवड झाल्याची खूण म्हणून खांद्यावर थाप मारण्याची तेथील ‘टॅप’ची रीतही पुढे सर्वत्र पसरली. मॉर्टर बोर्डच्या काही शाखांत अजूनही चालू तासाला काळे झगे घातलेले सदस्य वर्गात शिरतात, नाव पुकारतात आणि पुढच्या बाकांवरून टाळ्या पडतात; प्राध्यापकांना अर्थातच आधी कल्पना दिलेली असते.

मॉर्टर बोर्डची स्थापना १५ फेब्रुवारी १९१८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे झाली. कॉर्नेल, मिशिगन, ओहायो स्टेट व स्वार्थमोर येथील स्थानिक मंडळे तीत एकत्र आली. शेवटच्या वर्षातील विद्यार्थिनींची ही पहिली राष्ट्रीय सन्मान-संस्था. पुरुषांच्या मंडळांची दारे स्त्रियांना बहुधा बंद होती हे तिचे कारण. शिक्षणातील लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन हा कायदा १९७२ मध्ये झाला आणि १९७५ मध्ये संस्थेने पुरुषांनाही प्रवेश दिला. वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठात १९१४ मध्ये पुरुषांसाठी निघालेली ओमिक्रॉन डेल्टा कॅपा १९७४ मध्ये स्त्रियांना खुली झाली.

सदस्यत्वाची उपयुक्तता हा नेहमीचा वाद. ठोस लाभ थोडे आहेत, पण आहेत. अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकरभरतीत पदवीधराला सामान्यतः जीएस-५ ही वेतनश्रेणी मिळते. ‘उत्कृष्ट शैक्षणिक कामगिरी’ सिद्ध झाल्यास त्याहून वरची जीएस-७. राष्ट्रीय शैक्षणिक सन्मान-संस्थेचे सदस्यत्व हा त्याचा एक पुरावा, मात्र पहिल्या वर्षाच्या सोसायट्या त्यात धरत नाहीत. वर्गातील वरचा तिसरा हिस्सा किंवा ४ पैकी ३.० ची सरासरीही तेथे चालते. म्हणजे ज्याला सोसायटीने घेतले तो बहुतेक वेळा गुणपत्रिकेवरच पात्र ठरलेला असतो.

वैद्यकीय शिक्षणात वजन खरोखर पडते. अल्फा ओमेगा अल्फा (१९०२) या संस्थेचे सदस्यत्व रेसिडेन्सीच्या (पदवीनंतरच्या रुग्णालयीन प्रशिक्षणाच्या) निवडीत पाहिले जाते, आणि म्हणूनच तिच्यावर टीकाही तीव्र आहे. कृष्णवर्णीय व आशियाई विद्यार्थ्यांची निवड होण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. त्यानंतर काही वैद्यकीय महाविद्यालयांनी निवड थांबवली किंवा तिचे निकष बदलले.

खाजगी कंपन्यांत अशा सदस्यत्वाची ओळख नावागणिक बदलते. फाय बीटा कॅपाच्या शाखा देशात तीनशेच्या आत आहेत, त्यामुळे नाव ओळखीचे आहे. टाउ बीटा पाय (लीहाय विद्यापीठ, १८८५) अभियंत्यांना ठाऊक असते. ईमेलने सरसकट निमंत्रण पाठवून शुल्क मागणाऱ्या संस्थांची गोष्ट निराळी. महाविद्यालयात प्रत्यक्ष शाखा आहे का, तिला प्राध्यापक सल्लागार आहे का, १९२५ मध्ये स्थापन झालेल्या सन्मान-संस्थांच्या महासंघात ती आहे का, हे पाहून फरक कळतो. फाय बीटा कॅपा मात्र महासंघाबाहेर असूनही तिच्या प्रतिष्ठेला उणेपणा नाही. कामसू शाखेत वर्षभर उपक्रम व ओळखी मिळतात, निद्रिस्त शाखेत पदवीदानाच्या झग्यावर मिरवायची रंगीत दोरी तेवढी.

मुंबई-पुण्याहून एमएससाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा संबंध मुख्यतः फाय कॅपा फाय व टाउ बीटा पाय यांच्याशी येतो, कारण त्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचीही निवड करतात. वर सांगितलेला सरकारी श्रेणीचा लाभ मात्र त्यांच्या पदरी सहसा पडत नाही. ती भरती सामान्यतः अमेरिकी नागरिकांपुरती असते. ईबी-१ए या असामान्य कर्तृत्वाच्या व्यक्तींसाठीच्या अमेरिकी स्थलांतर प्रवर्गात संस्थांच्या सदस्यत्वाला स्थान आहे, पण त्यासाठी त्या क्षेत्रातील मान्यवर तज्ज्ञांनी असामान्य कर्तृत्व पारखून दिलेले सदस्यत्व लागते. केवळ शिक्षणाची पातळी किंवा भरलेले शुल्क यांवर मिळालेले सदस्यत्व त्या निकषाला पुरत नाही.