जागतिक नागरिकत्व शिक्षण

आपले रोजचे जगणे दूरच्या माणसांशी कसे जोडलेले आहे हे मुलांना व तरुणांना उमगावे, त्या संबंधांतील विषमतेबद्दल त्यांनी प्रश्न विचारावेत आणि आवाक्यातली कृती करावी, यासाठीचे शिक्षण. देशाच्या नागरिकत्वाला ते पर्याय देत नाही. जगाचे पारपत्र कोणतेही सरकार देत नसतेच. हक्क आणि जबाबदारी यांचा विचार सरहद्दीपाशी अडू नये, एवढी त्याची मागणी आहे.

युनेस्कोने १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय सामंजस्य, सहकार्य व शांतता यांच्या शिक्षणाविषयी शिफारस स्वीकारली, ती या विचाराची जुनी बैठक. पुढे २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांच्या शिक्षणविषयक उपक्रमाच्या तीन प्राधान्यांत जागतिक नागरिकत्वाला जागा मिळाली. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांपैकी शिक्षणाविषयीच्या ४.७ या लक्ष्यात त्याचा समावेश झाला, मुदत २०३०. मूळ शिफारस २०२३ मध्ये नव्याने लिहिली गेली.

शाळेत यासाठी वेगळा तास क्वचितच असतो, आणि नसलेलाच बरा. वेगळा तास म्हटला की पाठांतर आले. चालू विषयांतच त्याला वाट काढून देता येते. शर्टाच्या आतले लेबल वाचायला सांगितले, तर त्यावर बहुधा एकाच देशाचे नाव सापडते. कापूस कुठे पिकला, सूत कुठे कातले गेले, रंगाचे सांडपाणी कुठल्या नदीत गेले, हे त्यावर नसते. भूगोलाचा वर्ग तो प्रवास नकाशावर शोधतो. विक्रीच्या किमतीत शिवणाऱ्याचा वाटा किती, हे गणिताच्या तासाला काढता येते. अडचण येते ती पुढे. युद्ध, स्थलांतर, धर्म असे विषय निघाले की पालकांची तक्रार येईल या धास्तीने शिक्षक विषय बदलतात. प्रशिक्षणात वादाचे विषय हाताळण्याचा सराव नसेल, तर त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

युवककार्यात, म्हणजे शाळेबाहेर तरुणांसोबत चालणाऱ्या कामात, गुणांची टांगती तलवार नसते, सहभाग ऐच्छिक असतो, त्यामुळे तेथे मोकळीक अधिक. युरोप परिषदेच्या ‘कंपास’ (२००२) या मानवी हक्क शिक्षणाच्या पुस्तिकेतील ‘एक पाऊल पुढे’ हा उपक्रम प्रसिद्ध आहे. प्रत्येकाला गुपचूप एक भूमिका मिळते : बँक व्यवस्थापकाची मुलगी, कागदपत्रे नसलेला स्थलांतरित, बेरोजगार एकल माता. सगळे एका रेषेत उभे राहतात. ‘मला कधी पैशांची गंभीर चणचण भासली नाही’ अशी विधाने वाचली जातात आणि ज्याला ती लागू पडतात तो पाऊल टाकतो. शेवटी काही जण भिंतीपाशी पोचलेले असतात, काही जागचे हललेलेही नसतात. खरे शिक्षण त्यानंतरच्या चर्चेत असते. वेळ संपला म्हणून ती गुंडाळली, तर उरतो तो नुसता खेळ.

या क्षेत्रातला सर्वांत बोचरा आक्षेप शिक्षणाच्या अभ्यासक व्हनेसा आंद्रेओटी यांचा. त्यांनी २००६ मध्ये ‘सौम्य’ आणि ‘चिकित्सक’ अशा दोन धारा दाखवल्या. गरीब देशांसाठी निधी गोळा करणे ही सौम्य धारा : देणारा उदार ठरतो, पण तो देणारा आणि समोरचा घेणारा कसा झाला हा प्रश्न तसाच राहतो. चिकित्सक धारा वसाहतवाद, व्यापाराचे नियम आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे स्थान तपासते. निधीसंकलनाचा फोटो छान येतो, म्हणून बहुतेक संस्था पहिल्या धारेतच रमतात. याउलट राष्ट्रनिष्ठा पातळ होईल ही भीतीही अनेक देशांत व्यक्त होते.

मोजमाप हा आणखी एक पेच. पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली ‘जागतिक क्षमता’ तपासली गेली, पण अनेक सहभागी देशांनी त्या भागाची चाचणी घेतलीच नाही. लक्ष्य ४.७ चा निर्देशक धोरण, अभ्यासक्रम, शिक्षक प्रशिक्षण आणि विद्यार्थी मूल्यमापन पाहतो, तोही सरकारांनी स्वतः भरून दिलेल्या माहितीवरून; शर्टाचे लेबल वर्गात कोणी वाचले का, हे त्यातून कळत नाही.