कानाच्या जागी मक्याचं कणीस : १५६३ सालचा ‘उन्हाळा’

जुझेप्पे आर्चिम्बोल्दो हे नाव माहीत नसलं तरी त्याचं ‘उन्हाळा’ हे चित्र बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. बाजूने दिसणारं माणसाचं डोकं, पण नाक काकडीचं, गाल पीचचा, ओठ चेरीचे, दात म्हणजे उघडलेली वाटाण्याची शेंग, आणि अंगात गव्हाच्या काडाचा विणलेला कोट! कोटाच्या कॉलरवर चित्रकाराने स्वतःचं नावच विणलंय आणि खांद्यावर साल टाकलंय, १५६३. हा मिलानचा माणूस, १५६२ मध्ये व्हिएन्नाला हॅब्सबर्ग राजघराण्याच्या दरबारात गेला आणि तिथे त्याने चार ऋतूंची चार डोकी रंगवली. ‘उन्हाळा’ आजही व्हिएन्नाच्याच कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे, लाकडी फळीवर तैलरंगात, जेमतेम ६७ बाय ५१ सेंटीमीटरचं.

आता गंमत बघा, चित्र समोर आलं की आधी चेहरा दिसतो, भाज्या नंतर. आपल्या मेंदूत कानशिलामागे, खालच्या बाजूला, एक भाग चेहऱ्यांना खास जोरात प्रतिसाद देतो, आणि दोन डोळे, नाक, तोंड अशी मांडणी दिसली की ती कशाची बनलीय याची वाट न बघता तो कामाला लागतो. टोरांटोच्या संशोधकांनी १९९७ मध्ये एका रुग्णाबद्दल लिहिलं होतं, अपघातात डोक्याला मार लागल्यावर त्याला साध्या वस्तू नुसत्या बघून ओळखता येईनात, पण चेहरे मात्र अगदी व्यवस्थित ओळखता यायचे. त्याला आर्चिम्बोल्दोच्या धाटणीची चित्रं दाखवली तर चेहरा झटकन दिसला, पण तो भाज्यांचा बनलाय हे कळलंच नाही! म्हणजे चेहरा ओळखणं आणि वस्तू ओळखणं ही मेंदूची बऱ्यापैकी वेगवेगळी कामं आहेत, याचा इतका सुंदर पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही. आणि चेहरा उलटा केला की आपली ही यंत्रणाही अडखळते. इटलीतल्या क्रेमोना गावी याच चित्रकाराचं भाज्यांनी भरलेल्या भांड्याचं चित्र आहे, ते उलटं धरलं की भांड्याची टोपी होते आणि खाली गुबगुबीत गालांचा माळी दिसायला लागतो.

पण मला खरी ओढ आहे ती त्या भाज्यांची, म्हणून चेहरा जरा बाजूला ठेवून एकेक वस्तू बघू. कान आहे मक्याच्या कणसाचा. मका मूळचा मेक्सिकोतला, तिथल्या लोकांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून जवळजवळ ९,००० वर्षांपूर्वी घडवलेला, आणि युरोपला तो कळला कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतर. चित्र १५६३ चं, म्हणजे मध्ये फक्त ७१ वर्षं! त्याआधी १५४२ मध्ये लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने वनस्पतींच्या ग्रंथात मक्याचं चित्र छापलं, पण त्याला वाटलं हे धान्य पूर्वेकडून, तुर्कांच्या मुलखातून आलंय. इतकं नवं पीक होतं हे, की मोठमोठ्या जाणकारांनाही त्याचं गाव ठाऊक नव्हतं.

आणि त्याच डोक्यात चक्क वांगंही आहे, ते आलं अगदी उलट्या दिशेने. वांग्याची शेती भारत आणि आसपासच्या आशियात सुरू झाली, अरबांनी ते भूमध्य समुद्रापर्यंत नेलं, तरी युरोपात बरेच लोक ते खायला घाबरायचे, वेड लागतं अशी समजूत होती. अमेरिकेचं कणीस आणि आपल्याकडचं वांगं व्हिएन्नातल्या एकाच डोक्यात भेटतात, आणि ते इतकं नीट रंगवलंय की साडेचारशे वर्षांनंतरही पीक कोणतं ते बघताक्षणी सांगता येतं.

एक गोष्ट मात्र शेतकरी लगेच पकडेल. तिकडे चेरी येते जूनच्या सुमाराला, मक्याचं कणीस भरतं उन्हाळ्याच्या शेवटाला, आणि शीतगृह तर तेव्हा नव्हतंच. म्हणजे हा एका दिवसाचा बाजार नाही, सगळ्या हंगामाची गोळाबेरीज आहे, तेव्हा एकेक फळ हाताशी होतं तेव्हाच बघून त्याची चित्रं करून ठेवली असणार असं मला वाटतं. आर्चिम्बोल्दोला तशी सवय होतीच, प्राणी-वनस्पतींची अभ्यासचित्रं तो करायचा, आणि त्यातली काही इटलीतल्या बोलोन्यात उलिस्से अल्द्रोव्हान्दी या निसर्ग अभ्यासकाच्या संग्रहात पोचली.