अमाल्फी

अमाल्फी : इटलीच्या कांपानिया विभागात, सालेर्नोच्या आखातावर वसलेले छोटे ऐतिहासिक नगर. लोकसंख्या सु. ५,०००. नेपल्सच्या आग्नेयीस लात्तारी डोंगररांग समुद्रापर्यंत उतरते, तिथल्या एका खोल घळीच्या तोंडाशी हे गाव आहे. पाठीशी मोंते चेर्रेतो (१,३१५ मी.) असल्याने सपाट जमीन जवळजवळ नाहीच. घळीतून येणारा कानेत्तो ओढा मुख्य रस्त्याखालच्या बंदिस्त पात्रातून समुद्राला मिळतो. चुनखडकाच्या उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या शेतांत ‘स्फुसातो’ जातीच्या लांबट लिंबांच्या बागा आहेत. वेली चढवाव्यात तशी ही झाडे चेस्टनटच्या लाकडी मांडवांवर वाढवतात. १९९७ मध्ये युनेस्कोने या किनारपट्टीचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

रोमन घराण्यांनी गाव वसवल्याची कथा उत्तरकालीन बखरींत येते. विश्वसनीय म्हणता येईल असा पहिला उल्लेख पोप पहिला ग्रेगरी याच्या ५९६ मधील पत्रात आहे. त्या वेळी येथे बिशप होता. ८३८ च्या सुमारास बेनेव्हेंतोचा लाँबर्ड सत्ताधीश सिकार्द याने गाव जिंकून रहिवाशांना सालेर्नोला नेले. पुढच्याच वर्षी त्याचा खून होताच ते परतले आणि त्यांनी स्वतंत्र कारभार सुरू केला. कैरो व कॉन्स्टंटिनोपलशी त्यांचा मोठा व्यापार होता. दहाव्या शतकातील अरब प्रवासी इब्न हौकल याने या भरभराटीची नोंद केली आहे. कॉन्स्टंटिनोपलला घडवलेले कॅथीड्रलचे काशाचे दरवाजे (सु. १०६०) हा त्या व्यापाराचा आजही हात लावून पाहता येणारा पुरावा. पुढे नॉर्मनांची सत्ता आली, ११३५ व ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने गाव लुटले आणि अमाल्फीचे महत्त्व ओसरले. २५ नोव्हेंबर १३४३ च्या उत्पातात बंदराचा मोठा भाग समुद्रात गेला. त्या वेळी नेपल्समध्ये असलेल्या पेत्रार्क कवीने त्याचे वर्णन केले आहे. हा उत्पात पूर्वी वादळाचा परिणाम मानत. अलीकडच्या भूवैज्ञानिक अभ्यासात स्ट्राँबोली ज्वालामुखीचा कडा कोसळून उठलेल्या त्सुनामीशी त्याचा संबंध जोडला आहे.

होकायंत्राचा शोध अमाल्फीच्या फ्लावियो जोया याने १३०२ मध्ये लावला, असे परंपरा सांगते. बंदराजवळच्या चौकात त्याचा पुतळाही आहे. मात्र असा कोणी माणूस होऊन गेल्याचा समकालीन पुरावा नाही. पंधराव्या शतकात फ्लावियो बिओंदो या इतिहासकाराने, हा शोध आपल्या गावी लागल्याचे अमाल्फीकर अभिमानाने सांगतात, एवढेच लिहिले होते. १५११ च्या सुमारास जाँबात्तिस्ता पिओने त्याचा हवाला देताना केलेली लॅटिन वाक्यरचना मराठीत साधारण अशी होईल : ‘अमाल्फी येथे चुंबकाचा उपयोग शोधला गेला, फ्लावियोकडून सांगितले जाते.’ स्वल्पविराम ‘फ्लावियोकडून’ या शब्दापुढे सरकवला की सांगणारा फ्लावियो शोध लावणारा ठरतो. घडले ते हेच असावे. ‘जोया’ हे नाव पुढे जोडले गेले. १९०० च्या सुमारास तिमोतेओ बेर्तेल्ली या अभ्यासक धर्मगुरूने जोयाचे अस्तित्व नाकारले आणि त्याचे म्हणणे सामान्यतः ग्राह्य धरले जाते. चीनमध्ये शेन कुओने १०८८ च्या सुमारास, तर युरोपात अलेक्झांडर नेकमने बाराव्या शतकाच्या अखेरीस चुंबकसूचीचे वर्णन केले होते. तरीही अमाल्फीचा दावा सर्वस्वी फेटाळणे बरोबर नाही. पाण्यावर तरंगणारी सुई टोकदार आसावर बसवून, तिला दिशा रेखलेली चकती जोडून पेटीत ठेवण्याची सुधारणा येथील खलाशांनी केली असावी. डोलत्या जहाजावर वाट काढणाऱ्या माणसांना कोणत्याही पुतळ्यापेक्षा या सुधारणेचे मोल अधिक होते.

‘ताव्होला आमाल्फिताना’ या सागरी कायद्याच्या संहितेत ६६ कलमे असून त्यांतील २१ लॅटिन व ४५ लोकभाषेत आहेत. तिचा काळ अकरावे ते चौदावे शतक असा वेगवेगळा मानला जातो. भाषाभेद पाहता ती टप्प्याटप्प्याने तयार झाली, हे मत अधिक पटते. व्हिएन्नात सापडलेली हस्तलिखित प्रत १९२९ मध्ये अमाल्फीला परत आली.

मध्ययुगापासून कानेत्तोच्या पाण्यावर चिंध्यांपासून ‘बांबाजिना’ कागद करीत. १९५४ च्या पुराने बहुतेक गिरण्या नष्ट केल्या. एका जुन्या गिरणीत आता कागद-संग्रहालय आहे. चिंध्या कुटणारे, टोकाला खिळे ठोकलेले लाकडी हातोडे तेथे पाण्याच्या जोरावर चालवून दाखवतात.